'माबिनोगिऑन' : अनुवाद, चित्रे आणि पत्रव्यवहार

वेल्श भाषेतील मध्ययुगीन गद्यकथांच्या ज्या संग्रहाला आज 'माबिनोगिऑन' म्हणतात, त्याचे दोन इंग्रजी अनुवाद विशेष प्रतिष्ठा पावले. पहिला लेडी शार्लट गेस्ट यांचा. तो १८३८ पासून सात भागांत निघाला व १८४९ मध्ये तीन खंडांत एकत्र झाला. दुसरा ग्विन जोन्स व टॉमस जोन्स या दोन प्राध्यापकांचा. तो १९४८ मध्ये गोल्डन कॉकरेल प्रेसने प्रसिद्ध केला. दोहोंमध्ये शतकाचे अंतर आहे. दोहोंची विद्वत्ता वेगळी, वाचकवर्ग वेगळा, इंग्रजीही वेगळी. तथापि एक गोष्ट समान आहे. दोन्ही ग्रंथ लाकडी ठशांच्या चित्रांनी सजलेले आहेत, आणि दोन्ही ग्रंथ एका टेबलाशी बसून झालेले नसून दूरदूरच्या माणसांच्या देवाणघेवाणीतून घडलेले आहेत.

अशा देवाणघेवाणीतील पत्रे वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा चरित्राचे साधन म्हणून वापरली जातात. लेखक केव्हा आजारी होता, प्रकाशकाने पैसे केव्हा दिले, एवढ्यापुरता त्यांचा उपयोग. वस्तुतः अनुवादक आणि चित्रकार यांच्यामधील पत्रव्यवहार हा टीकेचाच एक प्रकार आहे, आणि तो छापील प्रस्तावनेपेक्षा अनेकदा अधिक प्रामाणिक असतो. कारण उघड आहे. मूळ संहिता जेथे मूक असते तेथे अनुवादकालाही मूक राहता येते. शब्दाला शब्द ठेवून त्याला पुढे सरकता येते. चित्रकाराला ती सोय नाही. घोडा म्हटला की तो किती उंच, आणि राक्षस म्हटला की तो दारातून आत येतो की नाही, हे त्याला ठरवावेच लागते. त्याचा प्रश्न अनुवादकाकडे जातो तेव्हा त्या वाक्याचा आपल्याला खरोखर काय अर्थ लागला होता, याची झडती अनुवादकाला प्रथमच द्यावी लागते.

या कथा मुख्यतः दोन पोथ्यांत टिकून आहेत. 'ऱ्हदेर्खची पांढरी पोथी' ही सुमारे १३५० ची. ती ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. 'हेर्गेस्टची तांबडी पोथी' चौदाव्या शतकाच्या अखेरीची व पंधराव्याच्या आरंभाची. ती ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजची मालमत्ता आहे. संग्रहाचे रूढ नावच मुळी एका लेखनिकाच्या चुकीतून आलेले आहे. पहिल्या शाखेच्या अखेरीस 'माबिनोगी' या शब्दाला अनेकवचनी वाटणारा प्रत्यय एकदाच लागला आहे. उरलेल्या तीन शाखांत शुद्ध रूप आहे. विल्यम ओवेन प्यू या कोशकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते चुकीचे रूप उचलले, लेडी शार्लटने ते ग्रंथनाम केले, आणि चूक ठाऊक असूनही जोन्सद्वयाने ते कायम ठेवले. वाचकाला जे नाव पाठ झाले ते व्याकरणाने बदलत नाही.

लेडी शार्लट यांचा या कामाशी संबंध आला तो काहीसा अनपेक्षितपणे. त्या इंग्रज उमरावाची कन्या. जन्म १८१२ चा. १८३३ मध्ये जोसाया जॉन गेस्ट या डाउलेस येथील लोखंडाच्या कारखानदाराशी त्यांचा विवाह झाला. डाउलेसच्या भट्ट्या त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणल्या जात. त्या धुराच्या प्रदेशात येऊन त्यांनी वेल्श भाषा शिकण्यास आरंभ केला. तांबड्या पोथीतील कथांची टेगिड या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या जॉन जोन्स या धर्मोपदेशकाने केलेली नक्कल न्यायमूर्ती बोझँक्वेट यांच्याजवळ होती. ती त्यांनी लेडी शार्लट यांस वापरावयास दिली, आणि १८३८ च्या आरंभी अनुवादाला हात लागला. टॉमस प्राइस या इतिहासकाराचेही साहाय्य त्यांना लाभले. मूळ पोथी ऑक्सफर्डला, नकलेचा मालक न्यायासनावर, नक्कल करणारा आपल्या धर्मकार्यात, आणि अनुवादिका भट्ट्यांच्या शेजारी. कागद हातोहात फिरल्यावाचून आणि शंका लिहून कळविल्यावाचून असा ग्रंथ होणेच शक्य नव्हते.

या साहाय्यामुळेच पुढे एक अन्याय्य शंका उत्पन्न झाली. अनुवाद खरोखर टेगिड व प्राइस यांनी केला आणि श्रीमंत बाईंचे नाव तेवढे वर छापले, असे म्हणणारे लोक निघाले. एकोणिसाव्या शतकात स्त्रीच्या विद्वत्तेविषयी अशी शंका घेणे फार सोपे होते. या आक्षेपाचे उत्तर ग्रंथात मिळत नाही. ते मिळते खासगी कागदपत्रांत. लेडी शार्लट आयुष्यभर दैनंदिनी लिहीत. तिच्यातील निवडक भाग १९५० मध्ये बेसबरोच्या अर्लने प्रसिद्ध केला. कारखान्याचे हिशेब, लागोपाठची बाळंतपणे, लंडनचे समारंभ, आणि त्यांच्यामधून वेळ काढून रोज पुढे सरकणारा अनुवाद असे त्यांच्या दिवसाचे चित्र तीतून दिसते. १९८६ मध्ये रेचल ब्रॉमविच या वेल्श वाङ्मयाच्या मान्यवर अभ्यासिकेने या प्रश्नाचा परामर्श घेऊन अनुवादाचे श्रेय लेडी शार्लट यांच्याच पदरी टाकले. साहाय्य होते, आणि ते मोलाचे होते. परंतु शब्दाचा अर्थ सांगणारा आणि वाक्य घडविणारा यांत भेद करावयास हवा. संपूर्ण अनुवादात एकच आवाज ऐकू येतो, आणि तो टेगिडचा नाही.

याच सुमारास व्हिल्मार्के हा ब्रेटन विद्वान १८३८ मध्ये वेल्समध्ये आला होता. 'पेरेदिर'ची कथा आपणच प्रथम प्रकाशित करावी अशी त्याची आकांक्षा होती. ती बातमी डाउलेसला पोहोचताच तेथील कामाला गती आली आणि 'पेरेदिर' लेडी शार्लट यांनीच आधी प्रसिद्ध केला. पुढे १८४२ मध्ये व्हिल्मार्केने या कथा फ्रेंचमध्ये आणल्या तेव्हा तो इंग्रजी अनुवादाचा ऋणी होता. ते ऋण त्याने पुरेसे मान्य केले नाही, हा आरोप त्याच्यावर राहिला. येथे या स्पर्धेचा उल्लेख करण्याचे कारण एवढेच की, घाईमुळे भागांचा क्रम ठरला आणि क्रमामुळे वाचकांचा समज घडला. प्रथम 'कारंज्याची राणी', मग 'पेरेदिर', मग 'गेराइंट' अशा तिन्ही आर्थरकथा आधी आल्या. ज्यांत वेल्श कल्पनेचे सर्वांत जुने थर आहेत त्या 'माबिनोगी'च्या चार शाखा मागाहून आल्या. सरदार, किल्ले, द्वंद्वे आणि अबोल पतिव्रता या वातावरणात इंग्रज वाचक या संग्रहात शिरला. १८५९ मध्ये टेनिसनने 'गेराइंट'वरून एनिडचे काव्य रचले तेही याच दारातून आत जाऊन.

पहिल्या भागाला जोडलेली अर्पणपत्रिका हे एक पत्रच आहे. ते आयव्हर व मर्थिर या दोन मुलांना उद्देशून असून त्याखाली डाउलेस, २९ ऑगस्ट १८३८ अशी तारीख आहे. त्या दिवशी आयव्हर तीन वर्षांचा झाला होता. मर्थिर काही महिन्यांचा होता. पत्र वाचता येण्याच्या वयाचा त्यांत कोणीच नव्हता. परंतु ज्यांच्या नावे पत्र लिहावे त्यांची सावली मजकुरावर पडतेच. चौथ्या शाखेत गिल्व्हाएथ्वी गोएविनवर बळजबरी करतो. पुढे ब्लोदाय्वेद आणि ग्रोनू यांची रात्र येते. मूळ कथा हे सारे चार सरळ शब्दांत सांगून मोकळी होते. लेडी शार्लट यांचा अनुवाद तेथे मान खाली घालून निघून जातो. हा दोष खराच. पण त्याचे खापर केवळ युगाच्या संकोचावर फोडण्याचे कारण नाही. मुलांच्या हाती देण्याचा ग्रंथ अशी कल्पना एकदा निश्चित केल्यावर असे होणे क्रमप्राप्तच होते. चित्रांचीही तीच गत आहे. शीर्षभागी व अखेरीस बसविलेले ठसे सुबक आहेत, पण ती सजावट आहे. कथेला ती प्रश्न विचारीत नाहीत. त्यांच्या शेजारी छापलेल्या जुन्या हस्तलिखितांच्या प्रतिकृती खरे म्हणजे अधिक बोलक्या आहेत.

दुसऱ्या ग्रंथाकडे वळले की सारीच परिस्थिती पालटते. ग्विन जोन्स हे ॲबरिस्टविथ येथे इंग्रजीचे प्राध्यापक; स्वतः कादंबरीकार व कथाकार, आणि 'वेल्श रिव्ह्यू' या नियतकालिकाचे संस्थापक. टॉमस जोन्स हे त्याच संस्थेतील वेल्शचे अध्यापक. 'ब्रुट अ टिवसोगिऑन' या राजवृत्तांताचे साक्षेपी संपादक. एकाचा कान कथनाचा, दुसऱ्याचा डोळा पाठभेदाचा. लेडी शार्लट यांना जी पांढरी पोथी उपलब्ध झाली नव्हती ती यांनी पायाभूत धरली, आणि तिच्यात जेथे पाने नाहीत तेथे तांबडीचा आधार घेतला. १९३० मध्ये इव्हर विल्यम्स यांची चार शाखांची चिकित्सक आवृत्ती निघालेली असल्याने अनेक कूटस्थळे उलगडली होती. प्रकाशक क्रिस्टोफर सँडफर्ड हेरफर्डशायरमधील आपल्या वाड्यात राहत. वीस ठसे कोरणाऱ्या डोरोथिया ब्रेबी लंडनच्या. अनुवादक वेल्सच्या किनाऱ्यावर, प्रकाशक सीमेवरच्या खेड्यात, चित्रकर्ती राजधानीत, अशी ही मांडणी होती. ग्रंथ टपालानेच घडावयाचा होता. ग्विन जोन्स यांचे कागदपत्र आज वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि गोल्डन कॉकरेल प्रेसच्या इतिहासाइतकेच ते अनुवादाच्या इतिहासालाही उपयुक्त आहेत.

कोरलेल्या लाकडी ठशाचे तंत्र येथे ध्यानात घ्यावयास हवे. ब्रेबी यांनी या कलेवर १९५३ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. बॉक्स नावाच्या झाडाचे कठीण लाकूड आडवे कापून त्याच्या गुळगुळीत छेदावर बारीक हत्याराने रेघ काढतात. जेथे हत्यार फिरते तेथे कागदावर पांढरे उमटते. जेथे लाकूड तसेच राहते तेथे काळे. चित्र उलटे कोरावयाचे असते. सर्वांत महत्त्वाचे हे की, निघालेला कपचा परत बसविता येत नाही. रंगचित्रात चुकलेला हात झाकता येतो, येथे सहसा येत नाही. म्हणून सारे प्रश्न कोरण्यापूर्वी सुटावे लागतात. कच्चा आराखडा जातो, आक्षेप येतो, दुसरा आराखडा जातो. कोणते प्रश्न सुटावयास हवे होते हे कथाच सांगतात, आणि त्यांतले दोन-तीन सविस्तर पाहण्यासारखे आहेत.

दुसऱ्या शाखेतील बेन्डिगाइडव्ह्रान हा ब्रिटनचा राजा. बहीण ब्रानवेन आयर्लंडच्या राजाला दिलेली. तेथे तिचा छळ होतो. तो सैन्यासह निघतो. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे डुकरे राखणारे गुराखी धावत राजाकडे येऊन सांगतात की, समुद्रावर एक अरण्य दिसते आहे, जेथे आजवर एक झाडही नव्हते. त्या अरण्याजवळ एक मोठा डोंगर असून तो चालतो आहे. डोंगरावर एक उंच कडा आहे व कड्याच्या दोन्ही बाजूंस एकेक सरोवर आहे. अर्थ लागत नाही म्हणून राजा ब्रानवेनकडे दूत पाठवितो. ती सांगते, अरण्य म्हणजे गलबतांच्या डोलकाठ्या. डोंगर म्हणजे उथळ पाण्यातून चालत येणारा आपला भाऊ, कारण त्याला सामावील असे गलबत नाही. कडा म्हणजे त्याचे नाक, आणि सरोवरे म्हणजे त्याचे संतापलेले डोळे.

हा प्रसंग चित्रकाराला मोह पाडतो आणि तोच त्याला फसवितो. समुद्रातून चालणारा राक्षस काढला की कोडे फुटले. कथेतील सारी गंमत अशी की, एकच दृश्य आधी न समजणाऱ्या डोळ्यांनी आणि मग समजणाऱ्या डोळ्यांनी सांगितले जाते, आणि समजणारे डोळे त्या अपमानित बहिणीचे आहेत. तिच्या उत्तरात अभिमान आहे आणि येणाऱ्या संहाराची चाहूलही आहे. चित्रात हे दोन क्षण एकाच वेळी येऊ शकत नाहीत. गुराख्यांची बाजू घ्यावी तर डोंगर काढावा लागतो, आणि तो केवळ डोंगरच दिसतो. ब्रानवेनची बाजू घ्यावी तर राक्षस काढावा लागतो, आणि तो केवळ राक्षसच दिसतो. अनुवादकाला ही अडचण कधीच येत नाही. पण चित्रकाराने ती विचारल्यावर त्यालाही एक गोष्ट पाहावी लागते. गुराख्यांच्या बोलण्यात आपण जो शब्द डोंगरासाठी योजला तो पुरेसा भाबडा आहे काय, की त्यातूनच उत्तर डोकावते आहे?

आणि एवढ्यावर संपत नाही. त्याच शाखेच्या शेवटी बेन्डिगाइडव्ह्रानच्या आज्ञेने त्याचे मस्तक कापून सात सोबती ते घेऊन निघतात. मस्तक बोलते, सोबत करते. हार्लेख येथे सात वर्षे आणि ग्वालेस येथे ऐंशी वर्षे त्याच्या सहवासात ते मेजवान्या करतात, आणि मग ते लंडनच्या शुभ्र टेकडीत पुरतात. ज्याचे नाक कड्याएवढे त्याचे मस्तक सात माणसे कसे वाहतात? कथा हा प्रश्न विचारीत नाही. श्रोताही विचारीत नाही, कारण तोवर आकाराचे काम संपलेले असते आणि शोकाचे काम सुरू झालेले असते. विचारतो तो चित्रकार. त्याला मेजावर ते मस्तक कोणत्या मापाने ठेवावयाचे हे माहीत हवे असते. मौखिक कथेतील माप प्रसंगागणिक बदलते, हे विधान अभ्यासकाला नवे नाही. पण ते किती सहज बदलते हे चित्र काढावयास बसल्यावाचून कळत नाही.

चौथ्या शाखेतील ल्लायच्या वधाचा प्रसंग याहून कठीण आहे, कारण येथे संहिता मूक नाही. उलट ती भलतीच काटेकोर आहे. ल्लायला घरात मारता येत नाही, घराबाहेर मारता येत नाही. घोड्यावर नाही, पायीही नाही. तो मरू शकतो तो एकाच रीतीने. नदीकाठी त्याच्यासाठी स्नानाची द्रोणी ठेवावयाची, तिच्यावर गवताने शाकारलेले छप्पर उभारावयाचे, शेजारी एक बोकड आणावयाचा, आणि एक पाय द्रोणीच्या काठावर व दुसरा बोकडाच्या पाठीवर ठेवून त्याने उभे राहावयाचे. पत्नी ब्लोदाय्वेद लाडिकपणे विचारून ही सारी अट काढून घेते, आणि तिचा प्रियकर ग्रोनू वर्षभर घडवून सिद्ध केलेला भाला फेकतो. हे वाचताना हसू येत नाही. पाय बोकडावर ठेवला जातो तेव्हा वाचकाचा श्वास रोखलेला असतो, कारण प्रत्येक अट म्हणजे एकेक कुलूप आहे आणि ती उघडताना आपण पाहात आहोत. हेच दृश्य जसेच्या तसे काढले तर? न्हाऊन उठलेला एक तरुण, गवताचे छप्पर, आणि एक बोकड. भीषण प्रसंगाचे क्षणात प्रहसन होते. मजकुराशी शंभर टक्के प्रामाणिक असलेले चित्र कथेशी मात्र बेइमान ठरते. अनुवादातही असे होते, पण शब्दशः अनुवादाचा हा धोका चित्राइतक्या निर्दयपणे दुसऱ्या कशानेही दिसत नाही.

पहिल्या शाखेतील ऱ्हिआनॉनचा प्रवेश त्या मानाने सोपा वाटतो. उंच फिकट पांढऱ्या घोड्यावर बसून ती संथ चालीने जाते. पाठलाग करणारा जितका वेग वाढवितो तितके अंतर वाढते, आणि तिचा घोडा तर चालच बदलीत नाही. अखेर पुइल राजा थांबण्याची विनंती करतो, आणि हे आधीच विचारले असते तर घोड्याचे बरे झाले असते, असे ती उत्तर देते. ठशातील घोडा मुळातच स्थिर असतो. म्हणून हा प्रसंग कोरणाराला आपोआप अनुकूल आहे.

रंगांचा प्रश्न मात्र त्याच्या मर्मावरच घाव घालणारा आहे. 'पेरेदिर'मध्ये ससाण्याने मारलेल्या पाखरावर बर्फात एक कावळा उतरलेला आहे. कावळ्याचे काळे, बर्फाचे पांढरे आणि रक्ताचे तांबडे पाहून पेरेदिरला आपल्या प्रियेचे केस, कांती आणि गालांवरची लाली आठवते व तो भान हरपून उभा राहतो. काळ्यापांढऱ्या ठशाजवळ या तीन रंगांपैकी दोन आहेत. नेमका तिसरा, ज्यात हिंसा आणि प्रेम एकत्र आलेले आहेत, तोच नाही. 'ऱ्होनाबुईचे स्वप्न' ही कथा तर या बाबतीत अजोड आहे. ती फक्त तांबड्या पोथीत टिकली आहे. पिवळ्या वासराच्या कातड्यावर निजलेल्या ऱ्होनाबुईला आर्थरच्या दळाचे स्वप्न पडते, आणि एकामागून एक येणारे घोडेस्वार, त्यांची वस्त्रे, खोगिरे, झूल, ध्वज यांच्या रंगांची अशी रेलचेल होते की कथा पुढे सरकेनाशी होते. मग अखेरीस निवेदक सांगतो की, पुस्तकावाचून हे स्वप्न कोणालाही, भाटाला किंवा कथेकऱ्यालाही, सांगता येत नाही. याचे कारण त्यातील रंगांची संख्या.

या शेवटाचा अर्थ काय लावावा यावर मतभेद आहेत. ती कथेकऱ्यांची थट्टा आहे असे काही मानतात, आणि ते मत अधिक ग्राह्य वाटते. कारण एवढ्या रंगांनी वर्णिलेल्या शूरांपैकी कोणीही काही भरीव करीत नाही. आर्थर आणि ओवाइन पटावर खेळत राहतात आणि बाहेर कावळे व सैनिक एकमेकांना मारीत असतात. रंग म्हणजे पोकळ वैभव. हा अर्थ घेतला तर काळ्यापांढऱ्या ठशाची उणीव हीच त्याची शक्ती ठरते. रंग काढून घेतल्यावर उरते ती पटावर वाकलेली दोन मस्तके आणि तंबूच्या दारात येऊन उभा राहणारा निरोप्या. अनुवादकाला मात्र सगळे रंग मोजून द्यावेच लागतात. जोन्सद्वयाने ते इमानाने दिले आहेत.

त्यांच्या इंग्रजीविषयी एकमत नाही. मध्ययुगीन वेल्श गद्य 'आणि'ने जोडलेल्या लहान वाक्यांतून चालते, आणि मध्येच 'त्याने केले ते असे की' या धर्तीची रचना येऊन कृतीकडे बोट दाखविते. जोन्सद्वयाने ही चाल राखण्यासाठी जुन्या वळणाची भारदस्त शैली स्वीकारली. ती गंभीर प्रसंगी शोभते. ब्रानवेनच्या मृत्यूला तिच्यामुळे उंची येते. विनोदाला मात्र ती जड पडते. 'किलहूख आणि ओल्वेन' या कथेतील इस्बदादेन या राक्षसाच्या पापण्या काट्यांनी टेकू देऊन वर उचलाव्या लागतात. तेथे भाषाही अशीच टेकूवर उभी आहे असे वाटते. याच कथेतील आर्थरच्या दरबारातील नावांची प्रचंड यादी त्यांनी गाळली नाही, हे त्यांचे मोठे ऋण. चित्रकार तीतून काहीच घेऊ शकत नाही. ती केवळ कानाची संपत्ती आहे. २००७ मध्ये सिओनेड डेव्हिस यांनी केलेल्या अनुवादात कथनाच्या मौखिक अंगाकडे जाणीवपूर्वक लक्ष पुरविलेले आहे, आणि जोन्सांची भाषा कोठे थबकते हे त्याच्याशी ताडून पाहिले की चटकन कळते. जाता जाता हेही नोंदवावे की, ही नावे देवनागरीत लिहिणाराला अशाच निवडी कराव्या लागतात. वेल्शमधील जोडाक्षरी 'ल्ल'चा उच्चार मराठीत नाही, त्यांचा 'द'ही आपला 'द' नाही, आणि जेथे इंग्रजी डोळ्याला व्यंजन दिसते तेथे अनेकदा 'उ' हा स्वर असतो. प्रस्तुत लेखात कानाला शक्य तितके जवळचे रूप घेतले आहे.

पत्रव्यवहाराचा विषय निघालाच आहे तर कथेतील पत्राचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आयर्लंडमध्ये मुदपाकखान्यात राबविली जाणारी ब्रानवेन परातीच्या काठावर एक साळुंकीच्या जातीचे पाखरू वाढविते, त्याला बोलावयास शिकविते, भाऊ कसा दिसतो ते सांगते, आणि आपल्या यातनांचे पत्र त्याच्या पंखाखाली बांधून समुद्रापार पाठविते. पाखरू भावाच्या खांद्यावर उतरून पिसे फुलविते तेव्हा पत्र दिसते. येथे चित्रकाराला काहीच विचारावे लागत नाही. पाखरू लहान आहे, पत्र त्याहून लहान आहे, आणि ज्याच्या खांद्यावर ते बसले त्याच्या आकाराचा विचार पुन्हा त्या चौकटीबाहेर ठेवता येतो. पण अनुवादकाला अडचण आहे. पत्र लिहिता येणारी राणी पाखराला बोलावयास का शिकविते? कदाचित दोन निराळ्या परंपरा येथे शिवल्या गेल्या असाव्यात. एकीत पाखरू बोलत होते, दुसरीत ते पत्र नेत होते. शिवण झाकावी की दिसू द्यावी? जोन्सद्वयाने ती दिसू दिली आहे, आणि ते योग्य झाले.

१९४८ च्या त्या देखण्या ग्रंथाच्या ५५० प्रती निघाल्या. त्यांपैकी ७५ विशेष बांधणीच्या. ब्रेबी यांनी पुढे ग्विन जोन्स यांच्याच 'सर गवेन आणि हिरवा सरदार' या अनुवादासाठीही चित्रे केली; तो ग्रंथ १९५२ चा. 'माबिनोगिऑन'चा मजकूर मात्र १९४९ मध्येच 'एव्हरीमन' मालेत स्वस्त स्वरूपात निघाला, आणि ज्या मालेत १९०६ पासून लेडी शार्लट यांचा अनुवाद होता त्याच मालेत त्याची जागा घेऊन राहिला. या आवृत्तीत ठसे नव्हते. ज्या असंख्य वाचकांनी जोन्सद्वयाचा अनुवाद पुढील दशकांत वाचला त्यांनी चित्रांविना वाचला. १९८२ मध्ये ॲलन ली यांची रंगीत जलचित्रे त्याच मजकुराला जोडली गेली. धुके, दगड, झाडांची मुळे यांना त्यांत मोठे स्थान आहे, आणि मापाच्या अनेक अडचणी त्या धुक्यात विरघळून जातात. लाकडाच्या ठशाला ती मुभा नव्हती. ब्रेबी यांना प्रत्येक ठिकाणी काळे की पांढरे हे ठरवावे लागले, आणि त्यासाठी वेल्सच्या किनाऱ्यावरील दोन प्राध्यापकांना आपल्या शब्दांखाली नेमके काय दडले आहे ते आधी पाहावे लागले. मजकुराचा तो शोध ५५० प्रतींच्या बाहेर, चित्रे नसलेल्या पानांतही, वाक्यावाक्याच्या निवडीत उतरलेला आहे.